तांबडी टेस्ट

हंबीरराव इंगवल्यांची मिशी ही मंगळवार पेठेतली एक स्वतंत्र असामी होती. तिला लग्नपत्रिका वेगळी येत नसे, एवढंच. हंबीरराव रंकाळ्यावर वारा खायला बसले की भेळवाला आपली गाडी त्या मिशीच्या सावलीत आणून लावी. एकदा तर चिमण्यांचं एक जोडपं तिच्या उजव्या टोकावर जागा बघून गेलं होतं. शेजार फार बोलका आहे म्हणून त्यांनी बेत रद्द केला. ही गोष्ट खोटी आहे असं पेठेत कुणी म्हणत नाही. म्हणायचं तर मिशीसमोर जाऊन म्हणावं लागतं.

तर अशी ही मिशी हंबीररावांनी भर मीटिंगमध्ये पणाला लावली.

त्याचं झालं असं. ढाण्या वाघ तालीम मंडळ दरवर्षी रस्सा स्पर्धा भरवतं आणि हंबीरराव मंडळाचे अध्यक्ष. गेल्या वर्षी तीन परीक्षकांच्या मार्कांची बेरीज तीन शहाण्या माणसांनी केली आणि विजेते निघाले चार. चौघींनी बक्षिसाचं पातेलं चार बाजूंनी असं ओढलं की त्याची परात झाली. मंडळात अजून त्या परातीत केर भरतात. म्हणून यंदा बेरीज कॉम्प्युटरवर करायची असं ठरलं. मुख्य परीक्षक आकाराम पैलवान म्हणाले, पुण्याहून एखादा प्रोग्रामवाला बोलवू.

हे हंबीररावांना झोंबलं. रश्श्यात साखर घालणाऱ्या गावाचा माणूस येऊन कोल्हापूरच्या रश्श्याची बेरीज करणार? ते उठून उभे राहिले. मिशीही उभी राहिली.

"प्रोग्राम मी लिवतो," ते म्हणाले. "स्पर्धेदिवशी रस्सा गार व्हायच्या आत माझा प्रोग्राम पयला नंबर सांगंल. न्हाई सांगितला, तर ही मिशी जोतीरामच्या हवाली."

जोतीराम म्हणजे पेठेतला न्हावी. तो कोपऱ्यात चहा पीत होता. जन्मभर त्यानं त्या मिशीची नुसती टोकं कातरली होती. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघून मीटिंगमधल्या दोघातिघांनी आपापल्या मिशा झाकून घेतल्या.

घराकडे जाताना हंबीररावांच्या लक्षात आलं की आपल्याला कॉम्प्युटर सुरू कुठून करतात हेही माहीत नाही. मोबाईलवर गुलाबाचं फूल पाठवता येत होतं, तेही एकाला पाठवायचं तर सगळ्या पेठेला जात होतं. पण शेजारच्या घरात विरूपाक्षअण्णांची सुष्मिता होती. अण्णा गुळाचे व्यापारी. ही त्यांची थोरली लेक घरात बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करायची आणि रविवारी नवख्यांना प्रोग्रामिंग शिकवायची. हंबीररावांनी तिला फोन लावला. मधे एकच भिंत असल्यामुळे फोनची तशी गरज नव्हती.

सुष्मितानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, या रविवारी. आपण टेस्टनंच सुरुवात करू. माझी पद्धतच ती, आधी टेस्ट, मग कोड.

हंबीररावांना हे फार आवडलं. रश्श्याचा प्रोग्राम करायचा तर आधी टेस्ट बघायलाच पाहिजे. पोरगी शिकलेली असून शहाणी होती.

"तांबडा का पांढरा?" त्यांनी विचारलं.

सुष्मिताला वाटलं, काका स्क्रीनच्या रंगाचं विचारताहेत. "पांढरा चालतो काका, पण डोळ्यांतून पाणी येतं. मी काळाच वापरते."

"काळा? बरं. काळा करून आणतो."

रविवारी सकाळी हंबीररावांनी धोंडुबाईंना कामाला लावलं. धोंडुबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. त्यांच्या हाताचा रस्सा खाऊन एका पाव्हण्याला आपल्या मागच्या जन्मातलं गाव आठवलं होतं, तेही पत्त्यासकट. त्यांनी काळ्या मसाल्यात मटण केलं, स्टीलचा चार पुडांचा डबा भरला, आणि तो घेऊन हंबीरराव शेजारच्या दारात उभे राहिले. मल्लव्वांनी, म्हणजे सुष्मिताच्या आईनं, दार उघडलं. अजून अण्णांची इष्टलिंगाची पूजा चालू होती. घरात भस्माचा, कापराचा आणि नव्या गुळाचा वास भरला होता. या घराच्या मागच्या सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं.

हंबीररावांनी तिथंच डब्याचं झाकण काढलं.

तो वास जिन्यानं वर गेला, गच्चीवर जाऊन आला आणि देव्हाऱ्यापुढं येऊन थांबला. समईची ज्योत बाजूला सरकली म्हणतात. मल्लव्वांनी पदर नाकाला लावून विचारलं, "शिव शिवा, हंबीरराव, ह्ये काय आणलायसा?"

"सुष्मितानंच मागिवलंय की," हंबीरराव निरागसपणे म्हणाले. "तांबडा-पांढरा नगं म्हणाली. काळाच खाती म्हणं ती."

मल्लव्वांनी लेकीकडे असं बघितलं की पोरीचं बेंगळुरूचं सगळं शिक्षण क्षणभर संशयात सापडलं. सुष्मिता पायरीवर बसून हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली आणि उचकीतच तिनं सगळा घोटाळा उलगडून सांगितला. डबा आल्या वाटेनं परत गेला. मल्लव्वांनी हंबीररावांना हातपाय धुवायला लावले, चूळ भरायला लावली आणि मिशीवरूनही पाण्याचा हात फिरवायला लावला, कारण वास खरा तिथं बसला होता.

मग कुठं वरच्या खोलीत शिकवणी सुरू झाली.

"तुमची टेस्ट आणि माझी टेस्ट, दोघी चुलतबहिणीच म्हणा," सुष्मिता म्हणाली. "पातेलं चुलीवर चढवायच्या आधी धोंडुकाकूंच्या जिभेला माहीत असतं ना, रस्सा कसा लागायला पाहिजे? ते आधी लिहून ठेवायचं. ती झाली टेस्ट. मग स्वयंपाक करायचा, तो कोड. आणि शेवटी बघायचं, लिहिलं तसा लागतोय का."

हंबीररावांना हे इतकं पटलं की त्यांनी बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, मग आण टेस्ट. सुष्मितानं आणली नाही. तिचं म्हणणं, टेस्ट आपल्याशी बोलते, पण तिची बोली आपल्याला कळायला हवी. कुठं लिहायचं, लिहिलेलं चालवायचं कसं, आणि बिघडलं तर मशीन काय म्हणतंय ते वाचायचं कसं, एवढं तरी आधी यायला हवं. नाहीतर टेस्ट ओरडत राहते आणि माणूस बहिऱ्यासारखा मान डोलवत राहतो. भाषेचं नाव पायथन, म्हणजे अजगर, हे कळल्यावर मात्र हंबीररावांना धीर आला. जनावराला धरायचं तर आधी तोंड कुठं आणि शेपूट कुठं, हे बघावंच लागतं.

सुरुवातीचे दिवस त्यांचे नुसते कीबोर्डाशी झटापटीत गेले. त्यांचं एक बोट तीन बटणांवर मावायचं. एंटर त्यांनी एकदा असा दाबला की खालच्या मजल्यावर अण्णांच्या चहाचा कप बशीतून उडाला. पण सुष्मितानं एक सवय त्यांच्या अंगी चांगली मुरवली. मशीन कितीही लांबलचक बडबडलं तरी गडबडायचं नाही, सरळ शेवटच्या ओळीवर जायचं. तक्रार तिथं असते, वरचं सगळं रडगाणं.

मग पहिली टेस्ट. तीन परीक्षकांनी पाच-पाच मार्क दिले तर बेरीज पंधरा यावी, एवढीच. कोडचा अजून पत्ता नव्हता. हंबीररावांनी टेस्ट चालवली आणि स्क्रीन लालभडक झाला.

"तांबडा आला!" ते ओरडले. खाली जाऊन त्यांनी विरूपाक्षअण्णांना भस्मासकट मिठी मारली आणि पेढे आणायला निघाले. सुष्मितानं जिन्यातच त्यांना अडवलं आणि समजावलं की लाल म्हणजे टेस्ट नापास झाली, पास झाली की हिरवं येतं.

हंबीरराव तिच्याकडे बघतच राहिले. मग कीव येऊन म्हणाले, "पोरी, कोल्हापुरात तांबडं आल्यावर नापास कोण म्हणतंय?"

सुष्मितानं त्यांना दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांना लाल रंग बघून घाम फुटायचा. एकानं तर लॅपटॉपवर टॉवेल टाकला होता. आणि हा गडी लाल बघून पेढे आणायला निघालेला. ती म्हणाली, काका, असेच राहा. तांबडं आलं म्हणजे टेस्ट जागी आहे, आणि पुढं काय करायचं ते सांगतेय.

पेढे आले. कोड मात्र हंबीररावांनी आपल्या पद्धतीनं लिहिला. बेरजेच्या भानगडीत न पडता त्यांनी मशीनला सांगून टाकलं की कुणी काहीही विचारलं तरी पंधरा म्हण. टेस्ट हिरवी झाली. हंबीररावांनी मिशीला पीळ दिला. सुष्मिता रागावली नाही. तिनं दुसरी टेस्ट लिहून घेतली, सात, आठ आणि सहाची, आणि पंधरा-पंधरा करणारा प्रोग्राम तिथंच चीत झाला. एकाच टेस्टला माणूस गंडवू शकतो, दोघींना एकदम गंडवायचं तर खरोखर बेरीजच करावी लागते. ही युक्ती हंबीररावांना इतकी आवडली की घरी जाऊन त्यांनी धोंडुबाईंनाही समजावली. धोंडुबाई म्हणाल्या, एका घरात दोन सासवा असल्यावर हेच हुतं.

पुढं त्यांना नादच लागला. परीक्षक आपल्याच पेठेतले, ते 'पावणेआठ' असंच म्हणणार, हे त्यांनाच आधी सुचलं. मग पावणेआठची टेस्ट आली, ती तांबडी झाली, तिचा कोड आला, ती हिरवी झाली. पावणेआठ म्हणजे आठाला पाव कमी, हे अजगराला समजावताना त्यांनी त्याला दोनदा शिव्याही दिल्या. एकदा बरीच लांबलचक टेस्ट पहिल्याच फटक्यात हिरवी झाली, तेव्हा ते नाचायच्या बेतात होते. सुष्मितानं मात्र कपाळाला आठी घातली आणि मुद्दाम चुकीची बेरीज देऊन बघितली. टेस्ट तरीही हिरवीच. हंबीररावांनी त्या टेस्टमध्ये तपासायची ओळच लिहिली नव्हती.

"जी टेस्ट तांबडी झालेली आपण कधी बघितलीच नाही, तिच्या हिरव्यावर भरवसा ठेवायचा नाही काका," ती म्हणाली. "आधी तिला मुद्दाम खोटं द्यायचं. ओरडली, तर खरी."

हे वाक्य हंबीररावांच्या मनात जाऊन बसलं आणि स्पर्धेच्या दिवसापर्यंत तिथंच स्वस्थ बसून राहिलं.

स्पर्धेच्या रविवारी तालमीपुढं मांडव पडला. पातेली अशी रटरटत होती की वरून जाणारे बगळे खोकत होते. धोंडुबाई पदर खोचून उभ्या होत्या आणि त्यांच्या समोरच कोडोलीहून आलेल्या बयाबाई. दोघींमधून गेलेल्या माणसाला शेकल्यासारखं व्हायचं. मांडवाच्या टोकाला, वारा उलट्या बाजूनं येईल अशा बेतानं, विरूपाक्षअण्णा आणि मल्लव्वा बसले होते. तिखटानं होरपळलेल्यांसाठी त्यांनी गुळवणीची, म्हणजे गुळाच्या गोड पाण्याची, कळशी भरून ठेवली होती. आणि स्टेजपाशी खुर्ची टाकून जोतीराम बसला होता. त्यानं नवा ॲप्रन घातला होता आणि वस्तरा परजून परजून इतका पातळ केला होता की आडवा धरला तर दिसत नव्हता.

परीक्षकांनी चव घेतली. चिठ्ठ्या आल्या. हंबीररावांनी सगळ्या पेठेदेखत त्या आकड्यांत आणि अक्षरांत जशाच्या तशा लॅपटॉपवर चढवल्या. मागं मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. त्यांनी एंटर दाबला.

पडदा लाल झाला.

मांडवातून एकच आरोळी उठली, "मिशी!" जोतीराम उठून साबण फेसाळू लागला. धोंडुबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. नवऱ्याचा चेहरा मिशीशिवाय त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, आणि पाहायची त्यांची तयारी नव्हती. पहिल्या रांगेतली सुष्मिता अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

हंबीरराव मात्र खुर्चीत तसेच होते. तांबडं बघून त्यांना बरंच वाटलं होतं. त्यांनी वरचं सगळं रडगाणं सोडलं, शेवटच्या ओळीवर गेले आणि ती मोठ्यानं वाचली. मशीन म्हणत होतं की 'लई भारी' याचा आकडा मला करता येत नाही.

चिठ्ठी आकाराम पैलवानांची होती. पहिल्या पातेल्याला त्यांनी 'लई भारी' दिलं होतं. दुसऱ्यालाही 'लई भारी'. बयाबाईंना, धोंडुबाईंना, आणि ज्याचा रस्सा तळाला लागल्याचा वास सगळ्या मांडवाला येत होता त्या सम्राटलाही, 'लई भारी'.

माणसं ओरडायला लागली की दहा धर आणि मोकळा हो. हंबीररावांचं बोट बटणावर गेलंही. रस्सा गार होत होता, पातेल्यांवरची वाफ बारीक झाली होती, आणि जोतीरामचा फेस उतू चालला होता. दहा घातले की पडदा हिरवा होणार आणि मिशी सुटणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण तेवढ्यात मनात बसलेलं ते वाक्य उठून उभं राहिलं. सगळ्यांना लई भारी म्हणणारा परीक्षक. हा तांबडा झालेला आपण बघितलाय का?

ते उठले. चालत मल्लव्वांपाशी गेले आणि एक वाटी गुळवणी मागून घेतली. परत येताना धोंडुबाईंच्या पातेल्यावर तरंगणारा तेलाचा लाल कट चमचाभर घेऊन तो त्या वाटीत वरून सोडला. वरून बघणाऱ्याला ती वाटी तांबड्या रश्श्याचीच वाटली असती.

"आकाराम, ही एक वाटी ऱ्हायलीया," ते म्हणाले. "आजऱ्याच्या पाव्हण्यांची."

पैलवानांनी वाटी तोंडाला लावली. डोळे मिटले. सगळा मांडव पुढं झुकला. पैलवानांनी मान डोलवली.

"लई भारी," ते म्हणाले. "मटान जरा अजून शिजाय पायजे हुतं."

मल्लव्वांच्या हातातलं भांडं खाली पडलं. विरूपाक्षअण्णांना वयाच्या मानानं न शोभणारं हसू फुटलं. मग मांडवच असा हसला की दोन खांब वाकले आणि पंचगंगेच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी वळून बघितलं. पैलवानांना सगळं कबूल करावं लागलं. सकाळीच त्यांनी दाढ काढून घेतली होती. डॉक्टरनं दिलेल्या इंजेक्शनानं अर्धं तोंड आणि सबंध जीभ अजून झोपलेली होती. हे सांगितलं तर परीक्षकाचा मान जाईल, म्हणून सगळ्यांना सारखंच लई भारी.

"टेस्ट न्हाई आन् परीक्षक झालास व्हय रं?" हंबीरराव म्हणाले, आणि त्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा एकदम कळले.

आता नवा परीक्षक हवा होता, तोही पातेल्यांवर वाफ असेतो. करपलेल्या रश्श्याचा सम्राट म्हणाला, मी होतो, माझं पातेलं काढून घेतो. लोक चालेल म्हणाले, पण हंबीररावांनी त्यालाही आधी तीच कटाची वाटी दिली. सम्राटनं घोट घेतला आणि असा फवारा मारला की जोतीरामचा साबणच धुऊन निघाला.

"तांबडं आलं," हंबीररावांनी जाहीर केलं. "ह्यो चालतोय."

सम्राट पातेल्या-पातेल्यावरून धावत फिरला. एकाला साडेसहा, एकीला पावणेआठ, एकीला आठ. हंबीररावांनी आकडे चढवले, एंटर दाबला, आणि शेवटच्या पातेल्यावर शेवटची वाफ लोंबकळत असताना पडदा हिरवा झाला. त्यावर नाव आलं, बयाबाई, कोडोली. दुसऱ्या धोंडुबाई, अवघ्या पाव मार्कानं.

लोकांनी हंबीररावांना खांद्यावर घेतलं. मिशीला वेगळा हार घातला. जोतीरामनं वस्तरा मिटून खिशात ठेवला आणि तो कोपऱ्यात जाऊन दोन वाट्या गुळवणी पिऊन बसला. सगळा मांडव खूश होता. एक माणूस सोडून, आणि ते माणूस हंबीररावांच्याच घरी राहत होतं.

"पावणेआठ म्हंजी आठाला पाव कमी, ह्ये त्या मशीनला शिकिवलं कुणी?" घरी पोचल्यावर धोंडुबाईंनी शांतपणे विचारलं.

हंबीररावांनी मीच शिकवलं असं कबूल केलं. धोंडुबाई चुलीकडे वळल्या. त्यांनी पाट मांडला, भाकरी वाढली आणि वाटी पुढं ठेवली. वाटीत लालभडक कट तरंगत होता. मग त्यांनी पदराआडून जोतीरामचा वस्तरा काढून पाटाशेजारी ठेवला. त्याच्या खिशातून तो केव्हा काढून घेतला, हे त्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं.

"सांगा कसं झालंया," त्या म्हणाल्या.

हंबीररावांनी वस्तऱ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. मिशीची दोन्ही टोकं आपोआप कानांकडे सरकली. लई भारी म्हणायला जीभ शिवशिवत होती. बायकोच्या वाटीला आजवर त्यांनी दुसरं काही म्हटलेलंच नव्हतं. त्यांनी घोट घेतला. तो गोड होता.

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग डोळे घट्ट मिटून म्हणाले, "रस्सा न्हाई ह्यो. मल्लव्वांची गुळवणी हाय."

काही होईना म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. धोंडुबाई वस्तऱ्यानं शांतपणे लिंबू चिरत होत्या, आणि चुलीवरचं खरं पातेलं त्यांनी हंबीररावांकडे सरकवलं होतं.

"एवढी वरसं लई भारी म्हनलासा," त्या म्हणाल्या. "आज गुळवणीला न्हाई म्हनलासा, तवा त्ये खरं हुतं ह्ये कळलं. वाढून घ्या."